फोन घेताना कॅमेरा बघता, चार्जिंग जॅक कोण बघणार?

आजची नोंद पिकाची नाही, अवजाराची आहे. मोबाईल हे आता शेतीचं अवजार झालंय, हे कुणाला पटवून द्यायला नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून सातबाऱ्यावर आपलं पीक आपणच मोबाईलवरून नोंदवायचं असतं. शेतात उभं राहायचं, लोकेशन चालू करायचं, फोटो काढायचा. बाजारभाव त्यावरच, पावसाचा अंदाज त्यावरच, विहिरीवरची मोटार चालू करणारा स्टार्टर त्यावरच, पानावरचा डाग सल्लागाराला पाठवायचा तोही त्यावरच. मग माझं म्हणणं साधं आहे. बाकी अवजार विकत घेताना आपण जे बघतो, ते फोन घेताना का बघत नाही?

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की शोरूमच्या आधी आपण गावातल्या मिस्त्रीला विचारतो. याचं सामान तालुक्याला मिळतं का, क्लच प्लेट काढायला किती वेळ जातो. बैल घेताना दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. पाठीवरचा बॅटरी पंप तर घरोघरी कुणीतरी उघडलेला असतो. खालचे स्क्रू काढले की १२ व्होल्ट ८ अ‍ॅम्पिअरची बॅटरी समोर. दोन क्लिपा काढायच्या, नवी बसवायची, पंप परत फवारणीला. पण पंधरा हजारांचा फोन घेताना आपला प्रश्न काय, तर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?

म्हणून सोयाबीनची कोळपणी उरकल्यावर तालुक्याला गेलो. माझा एक मित्र मोबाईल दुरुस्त करतो. त्याच्या टेबलाशी बसून तीन फोन मुद्दाम उघडून घेतले. एक घरात पडलेला बटणांचा, एक पाच वर्षं वापरलेला, अन् एक पुतण्याचा, दीड वर्षाचा, चार्जिंग न घेणारा. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण दुखणं एका कंपनीचं नाही. वही घेऊन मी एकच गोष्ट मोजत होतो. शेतात जो भाग आधी मरतो, तिथपर्यंत पोचायला किती पायऱ्या लागतात?

आधी मरतो कोणता, तेही त्यालाच विचारलं. शेतकऱ्याचे फोन येतात ते चार्जिंग जॅक अन् बॅटरीसाठी, डिस्प्ले नंतर, असं तो म्हणाला. शहरातल्या गिऱ्हाइकाचं उलटं असतं, त्यांचा डिस्प्ले आधी फुटतो. आपलं कारण उघड आहे. खिशात काळ्या मातीची धूळ, मळणीचा भुसा, कापसाचे तंतू. ते जॅकमध्ये जातात अन् आपण वरून पिन दाबतो, म्हणजे ठासणीच्या बंदुकीसारखी भरतच जाते. त्यात घाम, त्यात विद्राव्य खताचे हात. भिंगाखाली त्याने एक जॅक दाखवला, पिनांवर हिरवा गंज चढलेला. बॅटरीचं शत्रुत्व उन्हाशी. फोन ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर तापतो, रात्री लाईट येईल तेव्हा चार्जिंगला लागतो अन् सकाळपर्यंत तसाच राहतो. लिथियमची बॅटरी साधारण ५०० ते ८०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद ठळकपणे उतरते. रोज एकदा चार्ज करणाऱ्याचा हिशेब दीड-दोन वर्षांचा. म्हणजे बॅटरी बदलावी लागणं हा अपघात नाही, ट्रॅक्टरचं ऑइल बदलण्यासारखं ते ठरलेलं काम आहे.

आता उघडलेले फोन.

बटणांच्या फोनला हत्यारच लागलं नाही. नखाने मागचं झाकण सरकवलं, बॅटरी हातात. पायरी एक. पुढे चार-सहा स्क्रू अन् आतला बोर्ड मोकळा.

पाच वर्षांच्या फोनला वेळ लागला, पण काम समजण्यासारखं होतं. पहिल्यांदा सिमचा ट्रे बाहेर. तो आत राहिला तर झाकण ओढताना मोडतो. मग गिटार वाजवायची असते तसली तिकोनी पातळ पट्टी फटीत घालून कडेने फिरवली, प्लॅस्टिकचं झाकण टकटक करत सुटलं. इथं एक सापळा आहे. बोटाच्या ठशाचा सेन्सर झाकणालाच चिकटलेला, त्याची केसाएवढी पातळ पट्टी आतल्या बोर्डाला. घाईत झाकण ओढलं की पट्टी तुटली. आत गेल्यावर तेरा स्क्रू, दोन वेगळ्या लांबीचे. मित्राने कागदावर फोनचं चौकोनी चित्र काढून प्रत्येक स्क्रू जागच्या जागी ठेवला, कारण लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर तो खालच्या बोर्डात घुसतो. सगळ्यांत आधी बॅटरीचं कनेक्शन सोडवलं, मग स्पीकर काढला. त्याच्याखाली बोटाएवढा एक छोटा वेगळा बोर्ड, त्यावर चार्जिंग जॅक अन् माईक. दोन पट्ट्या सोडवल्या की तो निघाला. नवा बोर्ड मजुरीसकट साडेतीनशेला पडला, अर्धा तास गेला. बॅटरी दुतर्फा टेपने चिकटवलेली होती, पण तिला ओढायची जीभ ठेवलेली होती. हा फोन बनवणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्या माणसाचा थोडा तरी विचार केलाय.

तिसरा फोन सगळ्यांत महाग, दिसायला देखणा. मागे काच. एकही स्क्रू बाहेरून दिसत नाही, सगळं डिंकावर. गरम प्लेटवर ठेवला, डिंक मऊ झाल्यावर रबरी चोखणीने काच उचलायची अन् कडेने पट्टी सरकवायची. काच एका कोपऱ्यात तडकली. मित्राचा हात पंधरा वर्षांचा आहे, तरी तडकली, अन् हे होतंच असं त्याने आधीच सांगितलं होतं. आत बॅटरी पक्क्या डिंकाने बसवलेली, जीभ नाही. स्पिरिटचे थेंब सोडत, प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू उचलावी लागली. इथं लोखंडी पाना घालून उचकटणारे काही जण असतात, त्यांना हात जोडून सांगतो, बॅटरीला टोक लागलं तर ती तिथंच पेट घेते. अन् शेवटी जॅकपर्यंत पोचल्यावर कळलं की तो वेगळ्या बोर्डावर नाहीच. मुख्य बोर्डावरच डाग देऊन बसवलाय. म्हणजे तीस-चाळीस रुपयांचा जॅक बदलायला गरम हवेची मशीन, भिंग, कसलेला हात, अन् शेजारचा महागाचा चिप तापून जाण्याचा धोका. मागची काच, जॅक, डिंक, मजुरी मिळून एकवीसशे रुपये. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

हा फरक आपल्या लोकांना एका वाक्यात सांगायचा तर मोनोब्लॉक अन् सबमर्सिबल. विहिरीच्या काठावरच्या मोनोब्लॉकला काही झालं तर मिस्त्री तिथंच बसून खोलतो. बोअरमधल्या मोटारीची केबल जळाली तरी तीनशे फूट पाइप वर ओढावा लागतो, बिघाड शंभर रुपयांचा असो की दहा हजारांचा. पण बोअरला इलाज नसतो, पाणीच खाली आहे. फोनमधला जॅक खोलात घालायला कुणी सांगितलं होतं?

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे. डिंक लावला नाही तर पाणी अन् धूळ आत जाईल. हे खोटं नाही, अन् पावसात फोन वापरणाऱ्या आपल्याला ते हवंच आहे. पण दोन्ही एकत्र जमत नाही हे मात्र खरं नाही. २०१४ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस ५ ला मागचं झाकण हाताने निघायचं, बॅटरी बदलता यायची, अन् पाण्या-धुळीपासून बचावाचं आयपी ६७ मानांकनही होतं. त्याच कंपनीच्या एक्सकव्हर मालिकेतल्या फोनना आजही निघणारी बॅटरी अन् आयपी ६८ दोन्ही आहे, त्यातला एक्सकव्हर ७ तर २०२४ मध्ये भारतातही आला. झाकणाला रबरी वायसर बसवायचा असतो, दुसरं काय. फवारणी पंपाच्या टाकीला जे आपण रोज बघतो तेच.

निघणाऱ्या बॅटरीचा दुसरा फायदा विसरला जातो. नोकियाची बीएल-५सी बॅटरी आठवते ना, त्या काळात घरोघर होती. २००७ मध्ये त्यातल्या एका कंपनीकडून बनवून घेतलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर जास्त तापू शकतात असं नोकियाने जाहीर केलं. लोकांनी झाकण काढलं, बॅटरीवरचा नंबर जुळवला, ज्यांची सदोष निघाली त्यांना फुकट बदलून मिळाली. फोन तोच राहिला. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेटायला लागल्या तेव्हा बॅटरी आत बंद होती. पूर्ण फोन परत मागवावे लागले, बदलून दिलेलेही पेटले, अन् शेवटी तो फोनच बंद करावा लागला. दोन्हीकडे दुखणं बॅटरीचं.

आता याच्याही पुढची गोष्ट. फोन उघडायला सोपा असूनही दुरुस्त होऊ नये अशी सोय आता सॉफ्टवेअरमध्ये होते. अमेरिकेत आयफिक्सइट नावाची कंपनी आहे, ती वर्षानुवर्षं नवे फोन खोलून दुरुस्तीला किती सोपे याचे दहापैकी गुण देते. आयफोन १४ ची आतली रचना त्यांना आवडली होती, मागची काच वेगळी निघत होती, म्हणून ७ गुण दिले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनीच ते गुण ४ वर आणले. कारण भाग बदलल्यावर फोन त्या भागाचा नंबर ओळखतो, अन् कंपनीच्या व्यवस्थेतून त्याची जोडणी झाली नाही तर इशारे दाखवतो, काही सोयी बंद ठेवतो. हाताने बसवलेला भाग सॉफ्टवेअर मान्य करेना. ज्यांना वाटतं हे श्रीमंतांच्या फोनचं रडगाणं आहे, त्यांनी ट्रॅक्टरकडे बघावं. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचं जॉन डीअरशी भांडण नेमकं हेच आहे. मशीन माझं, पाना माझा, पण बिघाडाचा कोड वाचायचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त डीलरकडे. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, १ जानेवारी २०२४ पासून तो लागू आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने कंपनीवर खटलाही भरला. आपल्याकडे ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ चे धुराचे नियम लागू झाले अन् इंजिनावर कॉम्प्युटर आला. धूर कमी झाला, चांगलं झालं. पण गावातला मिस्त्री आता बॉनेट उघडून आधी विचारतो, स्कॅनर आहे का? फोनमध्ये जे आज चालतंय ते उद्या फवारणीच्या ड्रोनमध्ये अन् ठिबकच्या कंट्रोलरमध्ये येणार.

यावर करण्यासारखं काय आहे ते युरोपने बऱ्यापैकी दाखवलंय. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून फोनवर दुरुस्तीचा आकडा दाखवणं बंधनकारक झालं, दहापैकी. पहिल्या यादीत फोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन अन् हिरवळ कापायचं यंत्र होतं. त्यांच्या निकषांत एक मला फार पटला: सुट्या भागाची किंमत नव्या वस्तूच्या किमतीच्या मानाने किती. भाग मिळतो पण नव्या फोनच्या निम्म्या भावात मिळतो, तर तो मिळून न मिळाल्यासारखाच. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विकायला येणाऱ्या नव्या फोनसाठी विक्री बंद झाल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग पुरवणं बंधनकारक झालं, अन् लेबलवर दुरुस्तीची श्रेणी आली.

आपलं सरकार अगदीच झोपलेलं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तेव्हा चार क्षेत्रं धरली होती, त्यात मोबाईल होता अन् शेतीची यंत्रंही होती. २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. मे २०२५ मध्ये दुसऱ्या समितीने फोन अन् टॅबलेटसाठी दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल दिला. किती खोलवर उघडावं लागतं, भाग वेळेत मिळतात का, माहिती देतात का, अपडेट किती वर्षं, हे त्यात मोजायचं आहे, अन् महत्त्वाच्या भागांच्या यादीत बॅटरी, डिस्प्लेबरोबर चार्जिंग जॅकही घेतलाय. हे वाचून बरं वाटलं. पण गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे अशी शिफारस आहे. दुधाचं फॅट डेअरीने मोजायचं की आपण घरून सांगायचं? कंपनीने सांगितलेला आकडा कुणीतरी बाहेरच्याने फोन खोलून तपासला पाहिजे, अन् भागाच्या किमतीला त्यात वजन पाहिजे. शेतीयंत्रांना असा आकडा कधी, हा प्रश्न शेतकरी संघटनांनी लावून धरावा असं मला वाटतं.

गावातल्या दुरुस्तीवाल्याची बाजूही सांगतो. त्याच्याकडे डुप्लिकेट डिस्प्ले, डुप्लिकेट बॅटऱ्या असतात ही तक्रार खरी आहे. तो सरळ बोलला, ओरिजिनल मला कंपनी विकतच नाही, मग ठेवू काय? पाचशेच्या बॅटरीवर छापलेली क्षमता अन् आतली क्षमता यांचा काही मेळ नसतो. बोगस बियाण्यावर आपण जेवढे चिडतो तेवढं यावरही चिडायला हवं, पण दुकानदारावर नाही. खरा माल त्याच्यापर्यंत पोचूच न देणाऱ्यावर.

अन् कृषी विभागातल्या, सल्लागार कंपन्यांतल्या मित्रांना एक विनंती. फोन धडधाकट असतो, बॅटरी नवी टाकलेली असते, अन् तुमचं अ‍ॅप म्हणतं या फोनवर चालणार नाही, अँड्रॉइड जुनं आहे. म्हणजे दुरुस्त केलेलं अवजार तुम्ही भंगारात काढलं. अ‍ॅप हलकं ठेवा, जुन्या अँड्रॉइडवर चालेल असं बनवा, रेंज नसेल तिथं माहिती साठवून नंतर पाठवता येईल असं बघा. ई-पीक पाहणीची शेतकऱ्याच्या पातळीवरची मुदत संपायला आठ दिवस असताना फोन बसला, तर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी येईल, पण तो दुसरा फोन बहुधा घरातला जुनाच असणार. त्यावर तुमचं अ‍ॅप चाललं पाहिजे. नाहीतर सहायकाच्या मागं फिरायचं, अन् अतिवृष्टीच्या अनुदानाला सातबारा बघितला जातो तेव्हा पिकाचा रकाना कोरा.

दिवाळीत नवा फोन घेणार असाल तर विकणाऱ्याच्या आधी दुरुस्त करणाऱ्याकडे जा. मॉडेलचं नाव सांगा अन् विचारा: जॅक वेगळ्या बोर्डावर आहे की मुख्य बोर्डावर? बॅटरी जिभेने निघते का? फोल्डर, म्हणजे डिस्प्ले, केवढ्याला पडतो अन् किती दिवसांत येतो? अगदी नव्या मॉडेलचा फोल्डर तालुक्याला नसतोच, वर्षभर जुनं मॉडेल घेतलं तर सामानही मिळतं अन् फोनही स्वस्त पडतो. मागे काच नको, प्लॅस्टिक बरं. अपडेट किती वर्षं देणार हे खोक्यावर नसेल तर दुकानदाराला कंपनीच्या साइटवर काढून दाखवायला लावा. जॅकला रबरी बूच मिळतं, ते आजच लावा. जॅकमधली घाण सुईने कोरू नका, फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने काढा.

पाठ फुगलेली दिसली तर तो फोन चार्जिंगला लावू नका, उशाशी ठेवू नका, उन्हातून दूर ठेवून दुकानात न्या. अन् काढलेली बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. तोच उकिरडा एप्रिलमध्ये शेतात जातो, अन् कुणी पाचट पेटवलं की खाली काय पडलंय हे कुणाला ठाऊक नसतं. माझ्या मित्राने दुकानात वाळू भरलेला पत्र्याचा डबा ठेवलाय, महिन्याला ई-कचरा नेणारी गाडी येते तिच्यात देतो. तुमच्या तालुक्यात कोण घेतं ते खाली लिहा, अन् जॅक बदलायला किती पैसे लागले तेही मॉडेलच्या नावासकट लिहा. पुढच्या महिन्यात सगळे दर एकत्र करून टाकतो.